मोटरसायकलवर वाऱ्याने डोके का थडथडते आणि समोरचे धूसर का दिसते

मोटरसायकलवरून लांबचा प्रवास करणाऱ्यांची एक तक्रार सगळीकडे सारखीच ऐकू येते. वेग ताशी ८०-९० किलोमीटरच्या पुढे गेला की हेल्मेट थडथडू लागते, मान आखडते आणि रस्त्यावरच्या पाट्यांची अक्षरे पसरट, दुहेरी दिसू लागतात. उपाय म्हणून गाडीला उंच विंडशील्ड बसवली जाते. छातीवरचा वारा थांबतो, पण डोक्याला बसणारे हादरे कमी होण्याऐवजी वाढतात. मग कोणी विंडशील्डला दोष देतो, कोणी हेल्मेटला, तर कोणी आपलेच वय झाले असे समजून गप्प बसतो. खरे कारण हवेच्या प्रवाहाच्या एका साध्या गुणधर्मात आहे. तो नीट समजून घेतला, तर पुष्कळदा नवे काही विकत न घेता किंवा अगदी थोड्या बदलात हा त्रास आटोक्यात आणता येतो. डोळ्यांपुढचा रस्ता स्पष्ट दिसणे ही चैनीची बाब नसून सुरक्षिततेची पहिली अट आहे. म्हणून या विषयाकडे गंभीरपणे पाहिले पाहिजे.

वारा आणि वाऱ्यातली खळबळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत

चालत्या गाडीवर हवा आपल्याला जो दाब देते, तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ताशी ६० किलोमीटर वेगाला हा दाब दर चौरस मीटरला सुमारे १७० न्यूटन असतो, तर ताशी १०० ला तो सुमारे ४६० न्यूटनवर जातो. वेग दीडपटीहून थोडाच अधिक वाढला, पण दाब जवळजवळ पावणेतीन पट झाला. हेल्मेटचा आकार लक्षात घेतला, तर ताशी १०० ला डोके मागे लोटणारा जोर साधारण दीड किलो वजनाइतका भरतो.

इथे वेग म्हणजे हवेच्या तुलनेतला वेग, हे विसरून चालत नाही. काट्यावर ९० दिसत असताना समोरून ताशी २० किलोमीटरचा वारा असेल तर डोक्याला ११० चा वारा लागतो, आणि तोच वारा पाठीमागून असेल तर फक्त ७० चा. या दोन परिस्थितींतल्या दाबात जवळजवळ अडीच पटींचा फरक आहे. जाताना त्रास झाला नाही आणि येताना त्याच रस्त्यावर डोके फुटायची वेळ आली, याचा उलगडा बहुधा एवढ्यावरच होतो.

तरीही दीड किलोचा जोर एकाच दिशेने, एकसारखा लागत असेल तर मान तो बराच वेळ पेलते. स्नायू तेवढ्या ताणाशी जुळवून घेतात आणि डोके जागच्या जागी राहते. त्रास होतो तो हा जोर क्षणाक्षणाला बदलू लागल्यावर. ओढ्याच्या वाहत्या पाण्यात हात धरला तर पाणी तो एकाच बाजूला रेटत राहते आणि हात स्थिर ठेवणे जड जात नाही. तोच हात पाण्यातल्या मोठ्या दगडाच्या मागे, थोड्या अंतरावर धरला, तर पाण्याचा एकूण जोर कमी असूनही हात इकडून तिकडे हेलकावे खातो, कारण तिथे दगडाच्या दोन्ही कडांवरून सुटलेले भोवरे येऊन आदळत असतात. दगडाला अगदी लागून मात्र पाणी जवळजवळ शांत असते. विंडशील्ड हा तो दगड आहे आणि आपले डोके हा तो हात. डोके वाहत्या धारेत आहे, शांत पाण्यात आहे की दोहोंच्या मधल्या खळबळीत, यावरच सगळे अवलंबून असते. या खळबळीमुळे डोक्याला बसणाऱ्या हादऱ्यांना मोटरसायकलवाले बफेटिंग म्हणतात. या लेखात त्यांना नुसते हादरे म्हटले आहे.

हादरे किती वेगाने बसतात

प्रवाहात अडथळा आला की त्याच्या मागे एकदा या कडेवरून, एकदा त्या कडेवरून भोवरे सुटतात, आणि ते बऱ्यापैकी ठरावीक गतीने सुटतात. वाऱ्यात गुणगुणणाऱ्या तारांचा अभ्यास करताना चेक भौतिकशास्त्रज्ञ स्ट्रोहाल यांनी १८७८ मध्ये ही नियमितता मोजली, आणि थिओडोर फॉन कारमान यांनी १९११ मध्ये भोवऱ्यांच्या अशा दुहेरी रांगेचे गणित मांडले. ढोबळ हिशोब असा आहे की प्रवाहाचा वेग मीटर प्रतिसेकंदात घ्यावा, त्याला अडथळ्याच्या मीटरमधल्या रुंदीने भागावे आणि येणाऱ्या आकड्याचा पाचवा हिस्सा घ्यावा.

ताशी ९० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५ मीटर. अडथळा २५ सेंटिमीटर रुंदीचा, म्हणजे साधारण हेल्मेटएवढा असेल, तर सेकंदाला २० भोवरे-जोड्या सुटतात. अडथळा अधिक रुंद, विंडशील्डच्या मापाचा असेल, तर त्यांची संख्या १० च्या आसपास येते. प्रत्यक्ष मोटरसायकलचा आकार तारेसारखा साधा नसतो. आरसे, हँडल, हात आणि खांदे सगळेच प्रवाह ढवळतात, त्यामुळे हा हिशोब काटेकोर मानू नये. पण सेकंदाला १० ते २० हा पट्टा ध्यानात ठेवावा, कारण डोळ्यांच्या दृष्टीने नेमका हाच पट्टा वाईट आहे.

डोळे का हरतात

चालताना किंवा धावताना आपले डोके सतत हलते, तरी समोरचे जग हलताना दिसत नाही. कानाच्या आतल्या भागात तोल सांभाळणारे एक इंद्रिय आहे. डोके किती आणि कुठे वळले हे ते ओळखते, आणि त्याच्या सूचनेवरून डोळे तितकेच उलट दिशेला फिरवले जातात. ही दुरुस्ती सेकंदाच्या सुमारे शंभराव्या भागात होते. शरीरातल्या सर्वांत जलद प्रतिक्षिप्त क्रियांपैकी ती एक आहे. चालण्या-धावण्यात डोके सेकंदाला दोन-चार वेळा हलते आणि तेवढ्या हालचालीला ही गती पुरून उरते.

आता डोके सेकंदाला २० वेळा हलू लागले असे समजू. एका पूर्ण हालचालीला सेकंदाचा विसावा भाग लागतो, आणि डोळ्यांची दुरुस्ती त्याच्या एक-पंचमांश इतकी उशिरा पोहोचते. डोळे उलट दिशेला निघेपर्यंत डोके परत फिरण्याच्या बेतात असते. दृष्टिपटलावरची प्रतिमा मग एका जागी थांबत नाही, आणि मेंदूला तिची पुसट, पसरलेली आवृत्ती मिळते. बसलेल्या माणसावरील कंपनांच्या अभ्यासातही साधारण १० ते २५ या पट्ट्यातली कंपने दृष्टीला सर्वाधिक त्रासदायक मानली जातात.

यात डोके सरकणे आणि डोके वळणे यांतला फरक महत्त्वाचा आहे. डोके दोन मिलिमीटर बाजूला सरकले तर दूरच्या पाटीच्या दृष्टीने काहीच बिघडत नाही. पण ते पाव अंशाने जरी होकारार्थी हलले, तरी १०० मीटरवर नजर सुमारे ४४ सेंटिमीटर वर-खाली होते. निरोगी डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागाइतका बारकावा दिसतो. पाव अंश म्हणजे त्याच्या पंधरा पट. पाटीवरची अक्षरे एकमेकांत मिसळायला एवढे पुरेसे आहे.

होकारार्थी हालचाल हेल्मेटच्या वरच्या भागावर आदळणाऱ्या भोवऱ्यांमुळे अधिक होते, कारण मानेच्या सांध्यापासून तो भाग सर्वांत दूर असतो आणि तिथे लागलेला जोर डोके सहज फिरवतो. तोच भोवरा खांद्यावर किंवा छातीवर आदळला तर अंगाला जाणवतो, पण नजरेला धक्का लागत नाही. पुढे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक उपायाचे मूळ इथे आहे. वारा बंद करण्यापेक्षा खळबळीची कड हेल्मेटपासून दूर, शक्यतो खाली हलवणे हे खरे उद्दिष्ट आहे.

पण धूसर दिसण्याचे कारण वाराच असेल कशावरून

ही शंका रास्त आहे, कारण चुकीच्या कारणावर पैसे खर्च करणारे पुष्कळ असतात. मोकळ्या, सरळ रस्त्यावर, वेगमर्यादेत राहून तीन गोष्टी पडताळून पाहता येतात.

ज्या वेगाला धूसरपणा येतो त्याच वेगाला, रस्ता पूर्ण मोकळा असताना, गिअर बदलून पाहावा. वेग तोच राहतो, वारा तोच राहतो, फक्त इंजिनाच्या फेऱ्या बदलतात. धूसरपणा नाहीसा झाला तर दोष इंजिनाच्या कंपनांचा आहे, वाऱ्याचा नाही. एका सिलिंडरच्या इंजिनाचे मुख्य कंपन मिनिटाला ६००० फेऱ्यांना सेकंदाला १०० वेळा होते. इतकी जलद कंपने सीट, फूटरेस्ट आणि हँडलमधून शिरून वर चढेपर्यंत शरीरात बरीच विरतात. म्हणून त्यांचा परिणाम डोळ्यांआधी हातांच्या मुंग्यांमध्ये आणि आरशातल्या थरथरत्या प्रतिमेत दिसतो. वाऱ्याचा हादरा मात्र मधला सगळा रस्ता टाळून थेट डोक्यावर येतो. आरसा धूसर आणि रस्ता स्वच्छ असेल तर इंजिनाकडे, हँडलच्या वजनांकडे आणि इंजिन बसवलेल्या रबरांकडे पाहावे. आरसा स्वच्छ आणि रस्ता धूसर असेल तर वाऱ्याकडे.

दुसरी पडताळणी अशी की त्याच वेगाला कमरेतून हळूच पुढे वाकून डोके विंडशील्डच्या मागे न्यावे आणि पुन्हा सरळ बसावे. वाकल्यावर दृष्टी एकदम निवळली तर वाऱ्याबद्दल शंका उरत नाही.

तिसरी गोष्ट गाडी थांबवून करायची आहे. थांबल्यावरही काही क्षण अंधुक दिसत असेल, पापण्या मिटल्या-उघडल्या की ते स्वच्छ होत असेल, तर डोळे कोरडे पडत आहेत. डोळ्यावरचा अश्रूंचा पातळ थर हा प्रकाश आत शिरतानाचा पहिला पारदर्शक पृष्ठभाग आहे. हेल्मेटमध्ये खालून शिरणारी हवा तो थर सुकवते, आणि रस्त्यावर टक लावून पाहताना पापण्याही कमी मिटतात. व्हायझर किंचित उघडा ठेवण्याची सवय असणाऱ्यांना आणि कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांना हा त्रास अधिक होतो. व्हायझर पूर्ण मिटणे, त्याची रबरी कड तपासणे आणि हनुवटीखाली हवा अडवणारा कापडी पडदा लावणे हे इथले उपाय आहेत.

चष्मा असेल तर आणखी एक शक्यता तपासावी. हेल्मेटचे अस्तर काड्यांवर दाबत असेल तर हेल्मेट हलले की चष्माही हलतो, आणि डोळ्यासमोर भिंगच थरथरू लागते. काड्या सरळ आणि पातळ असलेली फ्रेम या कामाला बरी पडते. ज्यांच्या भिंगात वर दूरचा आणि खाली जवळचा नंबर असतो, त्यांना चष्मा नाकावर किंचित वर सरकला तरी रस्ता चुकीच्या भागातून दिसतो, आणि वाऱ्याला नाहक दोष दिला जातो.

विंडशील्ड उंच केली की झाले, असे का नाही

विंडशील्डवर आदळलेली हवा वर आणि बाजूंना फेकली जाते. तिच्या मागे दाब कमी होतो, आणि वरून गेलेली हवा ती पोकळी भरायला आत वळते. बाहेरचा वेगवान प्रवाह आणि आतली मंद हवा यांच्या सीमेवर भोवरे तयार होतात. हा खळबळीचा थर विंडशील्डच्या कडेशी पातळ असतो आणि मागे जाताना जाड होत जातो. चालकाचे डोके कडेपासून बरेच मागे असल्याने तिथे पोहोचेपर्यंत त्याची जाडी चांगलीच वाढलेली असते.

विंडशील्ड अगदी छोटी असेल तर हा थर छातीवर लागतो आणि डोके स्वच्छ प्रवाहात राहते. मध्यम उंचीची विंडशील्ड बसवली की तोच थर उचलला जाऊन नेमका हेल्मेटवर येतो. मोठी विंडशील्ड लावून त्रास वाढला, या तक्रारीचे स्पष्टीकरण हेच आहे. त्याहून उंच केली तर थर डोक्यावरून जातो खरा, पण मागची कमी दाबाची जागा मोठी होते, आणि काही गाड्यांवर पाठीमागून कोणी पुढे ढकलत असल्यासारखे वाटू लागते. शिवाय रस्ता विंडशील्डमधून पाहावा लागतो. पावसाचे थेंब, चिकटलेले किडे, रात्री समोरच्या दिव्यांनी चमकणारे ओरखडे हे सगळे नजरेच्या आड येते. माझ्या मते रस्ता नेहमी विंडशील्डच्या वरून दिसला पाहिजे, म्हणजे तिची कड फार तर नाक-हनुवटीच्या पातळीपर्यंत असावी. त्यापेक्षा उंच विंडशील्डने हादरे थांबले तरी ती पावसाळी रात्री दुसरा धोका उभा करते.

म्हणूनच एका गाडीवर एकाला उत्तम वाटलेली विंडशील्ड दुसऱ्याला त्रासदायक ठरते. धडाच्या उंचीत पाच सेंटिमीटरचा फरक असला, तर एकाचे डोके थराच्या वर आणि दुसऱ्याचे बरोबर आत असते. इतरांची शिफारस या एका बाबतीत फारशी उपयोगी पडत नाही.

उंचीखेरीज आणखी दोन गोष्टी हाताशी असतात. पहिली म्हणजे विंडशील्डच्या खालच्या बाजूला हवेला वाट देणे. कित्येक गाड्यांच्या विंडशील्डला खाली एक फट मुद्दाम ठेवलेली असते. तिच्यातून जाणारी हवा मागची पोकळी आतून भरते, त्यामुळे वरची हवा आत वळायचे कारण उरत नाही आणि खळबळ निवते. फट नसेल तर स्क्रूच्या मागे काही मिलिमीटर जाडीचे वॉशर घालून विंडशील्ड किंचित पुढे घेता येते. दुसरी गोष्ट म्हणजे वरच्या कडेला, मध्ये थोडी फट ठेवून, लहान पट्टी जोडणे. या पट्टीचा कोन बदलता येतो, आणि तेवढ्याने थर वर किंवा खाली नेता येतो. संपूर्ण नवी विंडशील्ड घेण्यापूर्वी हे दोन्ही करून पाहावे.

आधी शोध, मग खरेदी

हवा दिसत नाही, ही या विषयातली खरी अडचण आहे. ती दिसावी म्हणून वायुगतिकीच्या प्रयोगांत वापरली जाणारी एक जुनी, स्वस्त रीत घरीही करता येते. लोकरीचे बोटभर लांबीचे धागे विंडशील्डच्या वरच्या आणि बाजूच्या कडांवर, तसेच हेल्मेटच्या कपाळावर आणि बाजूंना चिकटपट्टीने एका टोकाशी लावावेत. व्हायझरवर, नजरेसमोर मात्र लावू नयेत. शेजारच्या गाडीवर मागे बसलेल्या सोबत्याने सुरक्षित अंतरावरून या धाग्यांकडे पाहावे किंवा त्यांचे चित्रण करावे. जिथला धागा ताठ मागे पडून राहतो तिथे प्रवाह स्वच्छ आहे. जिथला धागा फडफडतो, मधूनच उलटा पुढे वळतो, तिथे खळबळ आहे. हेल्मेटच्या कपाळावरचा धागा उलटा वळताना एकदा पाहिला की पुढचे काही वेगळे सांगावे लागत नाही.

सोबती नसेल तर शरीरानेच चाचपणी करावी. त्रासाच्या वेगाला सीटवरून थोडे वर उठावे, मग हळूहळू खाली बसत वाकावे. कोणत्या उंचीला डोके शांत होते ते लक्षात ठेवावे. वर उठल्यावर दहा सेंटिमीटरवर शांत प्रवाह मिळत असेल तर विंडशील्ड तेवढी खाली हवी. वाकल्यावर पाच सेंटिमीटरवर मिळत असेल तर ती तेवढी वर हवी. पुढच्या फेरीत पातळ प्लास्टिकचा तुकडा मजबूत चिकटपट्टीने कडेला जोडून उंची तात्पुरती वाढवावी. तो हँडलमध्ये अडकणार नाही आणि सुटून तोंडावर येणार नाही, याची खात्री करून आधी कमी वेगात पाहावे. फेरी दोन्ही दिशांना करावी, म्हणजे त्या दिवशीच्या वाऱ्याचा परिणाम वेगळा काढता येतो. एका वेळी एकच बदल करावा. विंडशील्डही बदलली आणि हेल्मेटही, तर गुण कशाने आला हे कधीच कळत नाही.

खालून येणारा झोत

विंडशील्डची सगळी जुळवाजुळव करूनही हनुवटीखालून वारा येत असेल, तर त्याची वाट बहुधा पुढच्या शॉकअप्सच्या मधून असते. पुढच्या चाकाच्या मागून हवा वर चढते आणि टाकीच्या पुढच्या टोकावरून थेट हेल्मेटच्या खालच्या भागात शिरते. याची लक्षणे अशी की पुढे वाकूनही हादरे जात नाहीत, हेल्मेट वर उचलल्यासारखे वाटते, डोळ्यांना पाणी येते आणि आवाज वाढतो. टाकीवर पिशवी बांधली की त्रास कमी होतो, असा अनुभव आला तर संशय पक्का समजावा, कारण पिशवी नेमकी हीच वाट अडवते. शॉकअप्सच्या मधली जागा झाकणारे कापडी पडदे किंवा त्यांच्या बाहेरच्या बाजूला बसणाऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्या यासाठी मिळतात. त्या बसवल्यावर हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोकळे वळते का आणि रेडिएटरकडे जाणारी हवा अडत नाही ना, हे पाहिल्याशिवाय गाडी रस्त्यावर नेऊ नये.

हेल्मेटचा वाटा

ढिले हेल्मेट हादरे वाढवते, कारण डोके आणि हेल्मेट वेगवेगळे हलू लागतात आणि प्रत्येक भोवऱ्याला दोन धक्के बसतात. पट्टा बांधून हेल्मेट हाताने डावी-उजवीकडे फिरवावे. गालांची आणि कपाळाची त्वचा त्याच्याबरोबर ओढली गेली पाहिजे. हेल्मेट त्वचेवरून घसरत असेल तर ते मोठे आहे, किंवा अस्तर वापराने दबले आहे. बऱ्याच हेल्मेटमध्ये गालांचे जाड पॅड वेगळे घालता येतात आणि तेवढ्याने फरक पडतो.

कपाळावर पुढे आलेली टोपी असलेली हेल्मेटे कच्च्या रस्त्यावर ऊन आणि चिखल अडवायला चांगली. पण वेगवान रस्त्यावर त्या टोपीवर लागलेला जोर डोके वर-खाली फिरवतो, आणि नजरेला सर्वाधिक बाधक हालचाल तीच आहे. टोपी काढता येत असेल तर लांबच्या प्रवासात काढून ठेवावी. हलके हेल्मेट मानेला बरे, हे खरे. पण बेताच्या वजनाचे, घट्ट बसणारे आणि गुळगुळीत आकाराचे हेल्मेट हे हलक्या पण ढिल्या हेल्मेटपेक्षा केव्हाही चांगले.

मग विंडशील्डच काढून टाकली तर

हा प्रश्न अनेकांना वेडगळ वाटतो, पण उत्तर बऱ्याचदा होकारार्थी आहे. विंडशील्ड नसलेल्या गाडीवर डोके स्वच्छ धारेत असते. जोर जास्त, पण तो एकसारखा, आणि त्यामुळे नजर स्थिर. छातीवर मात्र सगळा वारा लागतो, थंडी-पावसात शरीर लवकर थकते आणि ताशी १०० च्या पुढे हातांवरचा ताण वाढतो. ज्यांचा प्रवास मध्यम वेगाचा आणि मध्यम अंतराचा आहे, त्यांनी विंडशील्ड काढून एकदा फेरी मारून पाहावीच. अनेकांना खरे तर एवढेच पुरते. ज्यांना दिवसभर वेगवान रस्त्यावर राहायचे आहे, त्यांना छाती झाकणारी आणि डोके मोकळे सोडणारी लहान विंडशील्ड हा सर्वांत समाधानकारक मध्यममार्ग आहे. मोठी विंडशील्ड आणि मागे उंच पेटी अशी जोडी मात्र जास्त वेगात गाडीची स्थिरता बिघडवू शकते; उत्पादकाने वेगाची मर्यादा सांगितली असेल तर ती पाळावी.

कानात बोळे घालणे सुरक्षित आहे का

खळबळीचाच आवाज होतो. ताशी १०० ला हेल्मेटच्या आत तो ९५ ते १०० डेसिबलपर्यंत सहज जातो. कामाच्या जागी आवाज किती काळ सोसावा याबद्दल अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेची शिफारस ८५ डेसिबलला ८ तास अशी आहे, आणि दर ३ डेसिबल वाढीला ही मुदत निम्मी होते. या हिशोबाने १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटे उरतात. फोमचे इअरप्लग नीट बसवले तर २० ते ३० डेसिबल आवाज कमी करतात.

हॉर्न ऐकू येणार नाही, हा यावरचा नेहमीचा आक्षेप आहे. इअरप्लग वाऱ्याचा आवाज आणि हॉर्न दोन्ही कमी करतात, त्यामुळे वाऱ्याच्या तुलनेत हॉर्न तितकाच उठून राहतो. वाऱ्याच्या गोंगाटाने बधिर झालेल्या कानांना मात्र तो खरोखर उशिरा कळतो. काही ठिकाणी गाडी चालवताना कान बंद करण्यावर कायद्याने बंदी आहे, तेव्हा आपल्या भागातला नियम पाहून घ्यावा. इअरप्लगने हेल्मेटचे हलणे थांबत नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. गोंगाटाने येणारा थकवा तेवढा टळतो.

बसण्याची पद्धत आणि पुढचे वाहन

कोपर ताठ ठेवून हँडल आवळून धरले तर खांद्यांवर बसणारा प्रत्येक हादरा हँडलमध्ये उतरतो आणि गाडी डुलू लागते. टाकी गुडघ्यांनी धरावी, कोपर सैल ठेवावेत आणि धड किंचित पुढे झुकवावे. धडावरचा वारा मग हातांऐवजी पाठ आणि पोट पेलतात.

मोठ्या वाहनाच्या मागे खळबळ लांबवर पसरलेली असते. चांगली विंडशील्ड असूनही एखाद्या टप्प्यात अचानक डोके थडथडू लागले, तर आधी समोर ट्रक किंवा बस आहे का ते पाहावे आणि अंतर वाढवावे.

मान सरावते, मग एवढा खटाटोप कशाला

मानेचे स्नायू सरावाने बळकट होतात, हे खरे आहे. डोळ्यांची दुरुस्ती मात्र सरावाने इतकी जलद होत नाही की सेकंदाला २० हादऱ्यांना पुरी पडावी. धूसर दिसण्याची सवय होते म्हणजे धूसर दिसल्याचे जाणवेनासे होते. रस्त्यावरचा खड्डा किंवा पुढच्या वाहनाचा मंद दिवा उशिराच दिसतो. म्हणून ज्या वेगाला अक्षरे फाटू लागतात, तो वेग दुरुस्ती होईपर्यंत आपली मर्यादा मानावी. यात फार काही गमवावे लागत नाही. ताशी १०० ऐवजी ८५ ने गेल्यास वाऱ्याचा दाब एक-चतुर्थांशाहून अधिक घटतो, आणि १०० किलोमीटरच्या अंतराला जेमतेम १०-११ मिनिटे जास्त लागतात. आणि वेग कमी करूनही, डोके स्थिर असूनही, एकाच डोळ्याला अंधुक दिसत असेल, दिव्यांभोवती वलये दिसत असतील किंवा गाडी थांबवल्यावरही दृष्टी निवळत नसेल, तर विंडशील्डची जुळवणी बाजूला ठेवून आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी.